उभे खांब, आडवे खांब: सह्याद्रीतल्या कातळाची ओळख कशी पटत गेली

डोंगरधारेवर तासून रचल्यासारखे पाच-सहा पैलूंचे दगडी खांब दिसले, की त्यांचं श्रेय बहुधा पांडवांना जातं. त्यात हसण्यासारखं काही नाही. अठराव्या शतकात युरोपातले विद्वानही असे खांब पाहून बुचकळ्यात पडले होते. १७६३ मध्ये निकोला देमारे याने फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात असे खांब पाहिले आणि त्यांचा संबंध जुन्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याशी जोडला. तरीही हे खांब ज्या खडकाचे असतात तो बेसॉल्ट म्हणजे प्राचीन समुद्राच्या पाण्यात साचून घट्ट झालेला खडक, असं जर्मनीत अब्राहम व्हेर्नर पुढे कित्येक वर्षं शिकवत राहिला, आणि त्याचे शिष्यही थोडेथोडके नव्हते.

आपल्याकडे या बेसॉल्टच्या कातळाची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती लष्करी माणसांच्या हातून. मुंबई इलाख्यातला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२०च्या दशकात दख्खनची सांख्यिकीय पाहणी करत फिरला. पीकपाणी, जनगणना, पक्षी-प्राणी यांच्या जोडीने त्याने घाटांतले एकावर एक बसलेले थरही टिपले आणि १८३०च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झालं. त्यातल्या विल्यम ब्लॅनफर्डने १८६७ मध्ये पश्चिम आणि मध्य भारतातल्या या खडकांवर सविस्तर लिहिलं. आज आपण सहज सांगतो, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर पसरत गेले आणि आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. यातलं वय मात्र विसाव्या शतकातल्या किरणोत्सारी मापनाशिवाय कळणं शक्यच नव्हतं.

असे खांब का तयार होतात, याचा नीट खुलासा रॉबर्ट मॅलेटने १८७५ मध्ये केला. लाव्हा थिजताना आकसतो, त्याला तडे जातात, आणि हे तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत सरकत जातात. डोंगरात भटकणाऱ्याला माझ्या मते एवढी एकच गोष्ट माहीत असली तरी पुष्कळ आहे. आडवा पसरलेला थर वरून आणि खालून निवतो, म्हणून त्याचे खांब उभे. उभ्या भेगेत घुसलेला लाव्हा दोन्ही बाजूंच्या खडकाला टेकून निवतो, म्हणून त्याचे खांब आडवे, रचून ठेवलेल्या सरपणासारखे. ही भेगेतली भिंत म्हणजे डाइक. भोवतालचा खडक आधी झिजला, की ती उघडी पडते आणि एखाद्या पडक्या तटबंदीचा भास होतो. धुळे-नंदुरबारकडे अशा डाइकच्या लांबच लांब, बहुतांशी पूर्व-पश्चिम धावणाऱ्या धारा आहेत. पश्चिम भारतातल्या डाइकवरचा महत्त्वाचा निबंध १९४९ मध्ये आला. तो लिहिणारे सर्वेक्षणातले जॉन ऑडन हे कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले भाऊ.

प्रत्येक चमत्कारिक आकारामागे लाव्हाच शोधायला मात्र जाऊ नये. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं किंवा रतनगडावरचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, हे झिजेचं काम आहे. गोल धोंड्यांवरचे पापुद्रेही तसेच. खडक कुजत कुजत सुटतो, तेव्हा कडा आणि कोपरे आधी जातात. आकार सारखा म्हणून खडक एकच, असंही नाही. कर्नाटकात मलपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांब दख्खनच्या कातळाहून जुने आणि वेगळ्याच खडकाचे आहेत.

मुंबईकरांना यासाठी घाट चढायचीही गरज नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा सुमारे २०० फूट उंच उभ्या खांबांचा सुळका. आजूबाजूच्या दगडखाणींनी टेकडी खात आणली आणि इमारती पार पायथ्याला भिडल्या. पन्हाळ्याजवळ बांदिवडे इथलेही खांब प्रसिद्ध आहेत. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डी परिसरातले खांब २०२१ मध्ये बातम्यांत आले, तेही रस्त्याच्या कामासाठी खोदताना उघडे पडले म्हणून.