वाचून दाखवणं वेगळं, वतीनं उत्तर देणं वेगळं

ज्येष्ठांच्या जीवनमानाची प्रश्नावली टॅबलेटवर भरून झाली की शेवटी शेरा पडतो, ‘मदतीनं भरली’. या एका शेऱ्याखाली दोन निराळ्या गोष्टी जातात आणि पुढे सगळा हिशेब बिघडतो.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. आजींना मोतीबिंदू आहे, बोट स्क्रीनवर टेकत नाही. तुम्ही प्रश्न आणि सगळे पर्याय जसेच्या तसे वाचता, त्या सांगतात, तुम्ही दाबता. उत्तर आजींचंच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ या जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या जीवनमान प्रश्नावलीतही ही मुभा आहे.

दुसरी गोष्ट कर्नाटकातल्या खानापूरकडच्या कुठल्याही घराच्या सोप्यात दिसेल. ईक्यू-५डी-५एल या आरोग्यस्थिती मोजणाऱ्या छोट्या प्रश्नावलीतला चिंता-उदासीचा प्रश्न येतो. आजी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणतो, “तिला कसली चिंता ओ? सगळं जागेवर मिळतंय की.” आजी मान हलवतात. ‘चिंता नाही’ दाबलं जातं आणि नोंद होते आजींच्या नावानं. ही मदत नव्हे, हे मुलाचं मत आहे.

चालणं, आंघोळ, कपडे घालणं घरच्यांना डोळ्यांनी दिसतं, तिथे दोघांची उत्तरं बरीच जुळतात. वेदना, चिंता, मनाचं समाधान दिसत नाही, तिथे फाटा फुटतो. घरचे बहुतेकदा ज्येष्ठांपेक्षा वाईट चित्र रंगवतात, असं अभ्यासांत आढळतं. आपल्याकडे परक्या माणसासमोर घराची अब्रू राखायची म्हणून उलटंही होतं. चूक कुठल्या बाजूला झुकली हे कळत नाही, म्हणून ती मागाहून सुधारताही येत नाही. आणखी वाईट म्हणजे पहिल्या फेरीत सुनेनं उत्तरं दिली, सहा महिन्यांनी आजींनी स्वतः दिली, तर गुण बदलतात आणि अहवालात ‘सुधारणा’ छापून येते. बदललेलं असतं फक्त उत्तर देणारं माणूस.

वतीनं दिलेलं उत्तर टाकाऊ नाही. स्मृतिभ्रंश बळावला, पक्षाघातानं वाचा गेली, तर दुसरा इलाज नसतो. त्यासाठी ईक्यू-५डी मध्ये वेगळे फॉर्मच आहेत, तेही दोन. एकात ‘तुम्हाला त्यांची स्थिती कशी वाटते’, दुसऱ्यात ‘त्यांना बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते’. मला दुसरा पटतो, कारण त्यात निदान आजींच्या जागी बसून विचार करावा लागतो. कुठलाही घ्या, पण मध्येच बदलू नका. डब्ल्यूएचओक्यूओएल-ओल्ड या खास ज्येष्ठांसाठीच्या प्रश्नावलीच्या २४ प्रश्नांत मृत्यूच्या भीतीबद्दलही विचारतात. बाप शुद्धीवर, बोलता असताना त्याचं उत्तर मुलानं दिलं, तर मी ते धरणार नाही.

कागद की टॅबलेट हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. अक्षर मोठं ठेवा, एका स्क्रीनवर एकच प्रश्न ठेवा, गुण बहुधा सारखेच येतात. मात्र कन्नड फॉर्म उघडून जागच्या जागी मराठीत अर्थ सांगत बसणं मला अजिबात मान्य नाही. दर घरी प्रश्न बदलतो. ईक्यू-५डी ची मराठी आवृत्ती आहे, ती घरोघरी जायला निघण्याआधीच टॅबलेटवर घालून घ्या.

फॉर्मच्या सुरुवातीलाच सक्तीचा रकाना हवा: स्वतः, वाचून दाखवून, की वतीनं; आणि वतीनं असेल तर नातं काय. मुलाला फारच बोलायचं असेल तर त्याला वतीनं भरायचा फॉर्म वेगळा द्या आणि आजींचा आजींकडूनच भरून घ्या.