आटपाडीच्या माळावरची पटकथा

ग. दि. माडगूळकर म्हटलं की गीतरामायण आठवतं आणि बाकीचं सगळं त्याच्या सावलीत जातं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गाजलेल्या त्या ५६ गीतांचं मोल कोण नाकारेल? पण गदिमांचा संसार चालला तो सिनेमाच्या लेखणीवर. कथा, पटकथा, संवाद, गाणी, अधूनमधून तोंडाला रंगही. हे गदिमा समजून घ्यायचे तर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या बाजूला वळावं लागतं.

जन्म १ ऑक्टोबर १९१९चा, शेटफळ्याचा. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. विलीनीकरणानंतर सातारा, पुढे दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली. गाव जागचं हललं नाही, जिल्हा तेवढा बदलत गेला. वडील संस्थानच्या नोकरीत, घरात कायमची ओढगस्त. मॅट्रिकला गणित आडवं आलं आणि पोटासाठी कोल्हापूर गाठावं लागलं. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’त लहानशी भूमिका मिळाली. माझ्या मते त्याहून मोठा लाभ झाला तो वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून. कसलेला लेखक कुठे थांबतो, काय खोडतो, हे लिहून घेणाऱ्याला जितकं कळतं तितकं वाचणाऱ्याला कळत नाही.

पुढे ‘रामजोशी’ने नाव झालं. मग दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि गदिमा हे त्रिकूट जमलं. ‘पुढचं पाऊल’ (१९५०), ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). ‘लाखाची गोष्ट’मध्ये लाख रुपये महिनाभरात उडवून दाखवायचे, एवढ्या एका अटीवर अख्खा सिनेमा तोलणं हे कारागिराचं काम आहे.

पण सर्वांत दूरवर गेली ती हिंदीतली कथा, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची. १९५७चा हा चित्रपट. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि पुढच्या वर्षी बर्लिनचं रौप्य अस्वल त्याला मिळालं. या कथेचं मूळ गदिमांच्या घरच्याच मुलखात होतं.

औंध हे जेमतेम ७२ गावांचं संस्थान, पण राजे भवानराव पंतप्रतिनिधी कीर्तनकार, चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनिअर, भारतात ‘स्वामी भारतानंद’ झालेले, राजांकडे एक विलक्षण मागणी घेऊन गेले: जन्मठेपेचे कैदी माझ्या हवाली करा. राजे ‘हो’ म्हणाले. आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांनी बेड्यांविना शेती सुरू केली. त्या वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. गदिमा ज्या संस्थानात शाळा शिकले त्याच संस्थानातली ही गोष्ट; ती शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.

कथेत त्यांनी फेरफार केले, आणि तिथेच पटकथाकार दिसतो. एक जेलर, सहा खुनी आणि ओसाड जमीन, एवढ्यावर त्यांनी सगळा ताण उभा केला. भाजी स्वस्तात विकली म्हणून चिडलेले व्यापारी आणले आणि शेवटी जेलरचा बळी घेतला. स्वतंत्रपुरात असं काही नाट्य नव्हतं. तिथे कैदी बायकामुलांसह राहत, रान कसत आणि पळून जात नसत. पडद्यासाठी हे फार शांत होतं. खरा धोका पत्करला होता तो राजांनी आणि फ्रीडमननी, आणि ही दोन्ही माणसं सिनेमात कुठेच नाहीत.