एकच विमान कंपनी, शेअरची किंमत 6 की 30?

एका प्रादेशिक विमान कंपनीचे काल्पनिक आकडे घेऊ, सगळे कोटींत. शेअरची संख्या 10, निव्वळ कर्ज 300, विमानांचं वार्षिक भाडं 20. व्याज, कर, घसारा आणि हे भाडं वजा करण्याआधीचा नफा 100. या नफ्याला विश्लेषक ‘एबिटडार’ म्हणतात.

पहिला विश्लेषक 6 चा गुणक लावतो, म्हणजे पूर्ण व्यवसायाचं मूल्य 600. कर्ज वजा केलं. भाड्याच्या विमानांची देणीही कर्जच, म्हणून जुन्या ठोकताळ्याने भाड्याची 7 पट, म्हणजे 140 वजा केले. उरले 160, शेअरमागे 16. दुसरा म्हणतो, भाडेकरार 6 वर्षांचेच उरलेत. 6 टक्के दराने त्या हप्त्यांचं आजचं मूल्य साधारण 98. त्याचा शेअर 20.20 चा. तिसऱ्याचं सगळं पहिल्यासारखं, फक्त गुणक 5. त्याचं उत्तर 6.

गुणक सहाचा पाच झाला की व्यवसायाचं मूल्य जेमतेम 17 टक्क्यांनी उतरतं, शेअर मात्र 60 टक्क्यांहून जास्त. कर्ज आणि देणी जागची हलत नाहीत, त्यामुळे सगळी घट भागधारकाच्या वाट्याला येते.

खरी गफलत मात्र दोन्हीकडचे हिशेब जुळत नाहीत तेव्हा होते. 2019 पासून लागू झालेल्या आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमात बहुतेक भाडं घसारा आणि व्याज म्हणून दिसतं, म्हणजे ‘एबिटडा’मधून (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यातून) ते वजा झालेलंच नसतं. अमेरिकी पद्धतीत ‘ऑपरेटिंग लीज’चं, म्हणजे साध्या भाडेकराराचं, भाडं आधीच वजा झालेलं असतं. आयएफआरएसचे 100 घेऊन 6 ने गुणलं आणि भाड्याची देणी वजा करायची राहिली, तर शेअर 30 चा दिसतो. उलट भाडं वजा केलेले 80 घेऊन वर 140 देखील वजा केले, तर 4 चा. असा अहवाल हाती आला की आधी तळटीप वाचावी, गुणकाकडे नंतर वळावं.

अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्यांत आणखी एक पेच आहे. स्कायवेस्टसारखी कंपनी मुख्यतः युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का या मोठ्या कंपन्यांसाठी करारावर उडते. क्षमता-खरेदी करारात मोबदला उड्डाणांवर आणि उड्डाणतासांवर ठरतो. तिकिटांच्या दराची आणि इंधनाची जोखीम मोठ्या कंपनीची. ‘प्रोरेट’ करारात मात्र तिकिटाचा वाटा मिळतो आणि इंधन स्वतःचं. म्हणून तेल महागलं की या शेअरचं लक्ष्य (शेअर पुढे कितीला जाईल याचा अंदाज) सरसकट कापणारा विश्लेषक बहुधा कराराचं पान उलटायला विसरलेला असतो.

त्याने पाहायला हवेत वैमानिक आणि करारांच्या संपण्याच्या तारखा. 2009 च्या कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीच्या अपघातानंतर 2013 मध्ये सहवैमानिकालाही साधारण 1,500 तासांच्या उड्डाण-अनुभवाची अट आली (लष्करी आणि ठराविक विद्यापीठीय प्रशिक्षणाला सूट आहे). महासाथीनंतर मोठ्या कंपन्यांनी भरती वाढवली, तसे प्रादेशिक कंपन्यांतले कॅप्टन निघून गेले. विमान होतं, करार होता, चालवायला माणूस नव्हता. उड्डाणतास घटले की मोबदलाही घटतो.

शिवाय मोठ्या कंपन्यांचे त्यांच्या वैमानिक संघटनांशी ‘स्कोप’चे करार असतात; प्रादेशिक कंपन्यांनी त्यांच्यासाठी किती मोठी विमानं उडवायची, यावर ते मर्यादा घालतात. त्यांतली नेहमीची मर्यादा 76 आसनं आणि 86,000 पौंड वजन. ती सैल होईल असं धरणारा विश्लेषक वाढीचा दर चढा ठेवतो, न धरणारा उतरता.

जुन्या 50 आसनी सीआरजे या छोट्या जेट विमानांची किंमत हा तर वादाचाच विषय. सीआरजेचं उत्पादन थांबलं आहे. कुणी ही विमानं आणखी दहा वर्षं उडतील असं धरतो, कुणी इंजिनं आणि सुटे भाग विकून जे येईल तेवढंच मोजतो. घसाऱ्याची वर्षं 20 ऐवजी 25 धरली, तरी एक पैसा जास्त न कमावता कागदावरचा नफा वाढतो.

‘सरासरी लक्ष्य’ वाचतानाही जपावं. अशा छोट्या शेअरवर मोजकेच विश्लेषक लिहितात. तिघांचे आकडे 16, 20.20 आणि 6 असतील तर सरासरी 14 च्या आसपास येते, आणि त्या तिघांपैकी कुणाचंच मत 14 नसतं. प्रत्येक आकड्याशेजारी त्याची तारीख पाहावी; एखाद्या कराराच्या नूतनीकरणाआधीचं लक्ष्य त्या सरासरीत तसंच पडून असू शकतं.