जमीन हवेतला सल्फर डायऑक्साइड कसा शोषते

सल्फर डायऑक्साइड म्हणजे कोळसा, डिझेल असलं काही जळलं की निघणारा उग्र गॅस, फटाक्यांच्या धुराने नाक झोंबतं त्यात हा असतोच. नाशिकमध्ये त्याचं नाव निघालं की लोक एकलहऱ्याच्या थर्मलच्या चिमण्यांकडे बोट दाखवतात, कोळशावरचे 210 मेगावॅटचे 3 संच आहेत तिथे. पण वर गेलेला गॅस सगळा वरच राहत नाही, काही पावसाबरोबर खाली येतो आणि पाऊस नसला तरी जमीन तो थेट ओढून घेते, त्याला कोरडं निक्षेपण म्हणतात (नाव कोरडं, काम सगळं ओलीचं).

गॅस पाण्यात पटकन विरघळतो. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, त्यात शिरला की सल्फाइट होतं आणि मग ऑक्सिजन मिळून सल्फेट, मातीतलं लोह आणि मँगनीज हे काम लवकर उरकून देतात. म्हणून वाफशावर आलेलं रान यात भारी, हवा पण खेळते आणि ओल पण असते. ठणठणीत वाळलेली जमीन कमी ओढते. जिवाणूंचा फारसा हात नाही, निर्जंतुक केलेली माती पण गॅस घेतेच. भुरी रोगासाठी द्राक्षावर मारतात त्या गंधकाची गोष्ट वेगळी, ते मातीत पडलं की त्याचं सल्फेट करायला जिवाणूच लागतात.

खरा खेळ चुनखडीचा आहे. गॅस विरघळला की आम्ल तयार होतं, ते साचलं की माती पुढचा गॅस घ्यायला कुरकुरते. निफाडकडच्या काळ्या रानात बऱ्याच ठिकाणी चुनखडी सापडते, सामू (pH) 7.5 च्या वर, आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं आणि जिप्सम बनतं, 1 किलो गॅसला साधारण दीड किलो चुनखडी खर्ची पडते. बागायतदार याच चुनखडीला शिव्या घालतो, कारण तिच्यापायी वेलीला लोह लागू होत नाही, पानं पिवळी पडतात. इगतपुरी-त्र्यंबककडची तांबडी माती पावसाने धुतलेली, आम्ल पचवायची ताकद कमी, पण लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं सल्फेट धरून ठेवतात, काळ्या जमिनीतून ते पाण्याबरोबर खाली निघून जातं.

या गॅसचं निम्मं वजन गंधकाचंच, त्यामुळे पिकाला थोडं फुकट खत पण मिळतं. युरोपात 1980 नंतर हवा स्वच्छ होत गेली तशी मोहरीवर्गातल्या पिकांत गंधकाची कमतरता दिसायला लागली आणि शेतकऱ्यांना ते विकत घेऊन टाकावं लागलं.