बोर्डमन नदीची धरणमुक्ती

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील बोर्डमन (ओटावे) या थंड पाण्यात राहणाऱ्या ट्राउट माशांच्या नदीवरील तीन जुनी धरणे २०१२ ते २०१८ या काळात पाडून तिचा प्रवाह मोकळा करण्याचा प्रकल्प. नदी ट्रॅव्हर्स सिटी येथे मिशिगन सरोवराच्या उपसागराला मिळते. खोरे हिमनद्यांनी टाकलेल्या वाळू-रेतीचे असल्याने पाऊस व बर्फाचे पाणी त्यात मुरते आणि बारमाही पाझरते.

कॅप्टन हॅरी बोर्डमन याने १८४७ मध्ये मुखाजवळ लाकूड कापण्याची गिरणी काढली. विजेसाठी बोर्डमन (सु. १८९४), सेबिन (१९०६) व ब्राउन ब्रिज (१९२१) ही धरणे झाली. पहिली दोन सु. १९३० मध्ये नव्याने बांधल्यामुळे त्यांच्या बांधकामाचे साल कोणते धरावे, यात फरक पडतो.

अशा बुटक्या धरणामागे पाण्याचा वरचा थर उन्हाने तापतो व तोच सांडव्यावरून खाली जातो. तळातून पाणी सोडणाऱ्या खोल धरणांखाली नदी उलट थंड राहते. दोहोंची गल्लत करू नये. १० से.ला लिटरभर पाण्यात सु. ११ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, २० से.ला सु. ९ मिग्रॅ.; म्हणजे तापलेल्या पाण्यात माशांना तो कमी मिळतो. ट्राउटची मादी शेपटीने खडे उकरून खळग्यात अंडी घालते आणि ती खड्यांनी झाकते. फटींत वाळू बसली की अंडी गुदमरतात.

नदीतील मूळ मासा कोणता, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांपैकी खालच्या (दक्षिणेकडील, जेथे ही नदी आहे) द्वीपकल्पाच्या उत्तर भागातील थंड नद्यांत आर्क्टिक ग्रेलिंगचे प्राबल्य होते. जंगलतोड, वाहत्या ओंडक्यांनी खरवडलेले तळ, बेसुमार मासेमारी आणि परक्या माशांची स्पर्धा यांमुळे तो सु. १९३६ पर्यंत राज्यातून नाहीसा झाला, ही हानी फार मोठी आहे. ब्रूक ट्राउट वरच्या द्वीपकल्पात देशी आहे. खालच्या द्वीपकल्पात तो आपणहून आला की माणसाने सोडला, याबाबत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात तो उत्तर टोकाच्या ओढ्यांत स्वतःच शिरला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र बोर्डमनपुरते ते सिद्ध धरता येत नाही. ब्राउन ट्राउट निःसंशय परका आहे : जर्मनीहून आलेल्या अंड्यांची पिल्ले १८८४ मध्ये पीअर मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडली गेली. धरणे पाडून नदीला तिचा थंडावा व ओघ परत मिळाला. ग्रेलिंग परत आणण्याच्या प्रयत्नांतही आता या नदीचा समावेश आहे.

गळाची प्रसिद्ध कृत्रिम माशी ‘ॲडम्स’ १९२२ मध्ये मेफील्डच्या लेनर्ड हॅलडे याने बांधली व ती याच नदीवर प्रथम वापरली गेली.

वीजनिर्मिती परवडेनाशी झाल्यावर प्रथम ब्राउन ब्रिज पाडण्यास घेतले. ६ ऑक्टोबर २०१२ रोजी जलाशय रिकामा करण्याची तात्पुरती रचना निकामी होऊन काठच्या घरांत पाणी शिरले. पुढे बोर्डमन (२०१७) व सेबिन (२०१८) ही धरणे हटवली. मुखाजवळचा, मूळचा १८६७ चा युनियन स्ट्रीट बंधारा मात्र सरसकट काढण्यात आला नाही, कारण माशांचे रक्त शोषणारी सागरी लॅम्प्री तेथे अडते. त्याच्या जागी हवे ते मासे वर सोडणारी व लॅम्प्रीला रोखणारी ‘फिशपास’ ही रचना उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.