ओसाड जागांच्या आखणीत विद्यार्थी आले कुठून?

पडीक जागा सुधारायची ठरली की विद्यार्थ्यांना भिंती रंगवायला बोलावतात. आराखडा त्याआधीच मंजूर झालेला असतो. हा क्रम उलटा करण्याची खटपट मात्र जुनी आहे.

आखीव बागेपेक्षा बांधकामावरच्या विटा-फळ्यांत मुले जास्त रमतात, हे डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी हेरले होते. त्यातून १९४३मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनजवळ एमड्रुपला ‘भंगाराचे मैदान’ सुरू झाले. लाकूड, हत्यारे आणि लक्ष ठेवायला एक माणूस, एवढाच सरंजाम. युद्धानंतर ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन यांनी ही कल्पना लंडनच्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या भूखंडांवर नेली. तिथे घोडे अडले ते जमिनीच्या हक्कापाशी. भूखंड तात्पुरता मिळे. इमारत उभी करायची वेळ आली की मैदान उठे.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९४७ ते १९७८ या काळात वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी ७००हून अधिक क्रीडांगणे आखली, त्यांतली बरीच दोन घरांमधल्या रिकाम्या जागेत. गल्लीतले रहिवासी पालिकेला पत्राने जागा कळवत. काँक्रीटच्या कडेचा वाळूचा हौद, उड्या मारायचे ठोकळे, लोखंडी नळ्यांच्या कमानी हे ठरलेले भाग जागेच्या आकाराप्रमाणे मांडले जात. काम स्वस्त होई, झटपटही. पण पेन्सिल वास्तुविशारदाच्याच हातात राही.

मुलांच्या हाती ती आली १९७०च्या दशकात. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी युनेस्कोसाठी अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंडमधल्या किशोरांकडून त्यांच्या वस्तीचे नकाशे काढून घेतले, मुलाखती घेतल्या. १९९०च्या दशकात हाच प्रकल्प पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यात बंगळूरुही होते. दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराच्या कलम १२ने मुलांना मत मांडण्याचा हक्क दिला. १९९२मध्ये बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आपले भिंत-रंगवणे बहुधा तिथेच बसते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०००मध्ये सुरू केलेल्या ‘वाय-प्लॅन’ या उपक्रमाने हा सहभाग शाळेच्या वेळापत्रकात बसवला. बर्कलीशेजारच्या ओकलंड शहरातल्या वेस्ट ओकलंडचे १९१२चे रेल्वे स्थानक १९८९च्या भूकंपात खिळखिळे झाले, १९९४मध्ये बंद पडले. त्याच्या पुनर्वापरावर तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी काम केले. पद्धत पाच टप्प्यांची: प्रश्न ठरवणे, परिसर समजून घेणे, प्रस्ताव रचणे, अधिकाऱ्यांपुढे मांडणे आणि शेवटी झालेल्या कामाकडे मागे वळून पाहत पुढचा विचार करणे. हा शेवटचा टप्पाच सर्वांत आधी गाळला जातो. शाळेचे वर्ष संपते, पालिकेची फाइल मात्र कित्येक वर्षे फिरत राहते. मोजमापे आणि नकाशे पुढच्या तुकडीकडे सोपवले नाहीत, तर ती पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करते.