गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघत नाही

‘ग्राइंडिंग झालं की गुळाचा खडा खा, धूळ निघून जाते.’ बेळगावच्या वर्कशॉपांत हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. गुळाने घशाला बरं वाटतं, म्हणून ते पटतंही. पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही.

ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा घासताना, खरं बघायचं ते पत्र्यावरचा थर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्त असतं, आणि घासताना हा थरच आधी उडतो. १० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून) बारीक कण एरवी दिसत नाहीत. अंधारात बाजूने टॉर्च मारा, ढग दिसेल. रुमालाने तो अडत नाही. धूळ जागीच ओढणारा पंखा आणि घट्ट बसणारा फिल्टरचा मास्कच हवा. शिसं अंगात गेलंय का, हे रक्ततपासणीत कळतं.